तेल काढायचं नाही

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली मिस्त्री म्हणे. डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, तेव्हा डॉक्टरांनी आत सिलिकॉनचं तेल भरून तो जागेवर बसवला. दोन आठवडे मिस्त्री पालथे पडून राहिले. "चार महिन्यांनी या, तेल काढू," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मिस्त्री दोन वर्षं तिकडे फिरकले नाहीत.

"घातलेलं तेल कुणी काढतं का? मशीन खडखडायला लागेल!" ते लेकीला म्हणत.

"बाबा, डोळा म्हणजे मशीन नव्हे."

"मला शिकव आता! चाळीस वर्षं काय गवत उपटलं?"

खरं कारण त्यांनी कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यापासून नजरेच्या तळाशी काळे, गोल ठिपके जमू लागले होते. मान वळवली की डुलायचे, थांबली की सावकाश एका जागी बसायचे. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी गेलेली बायको अशीच पायाशी बसून सांडलेले स्क्रू वेचायची. वरून तिचा अंबाडा तेवढा दिसायचा, काळा, गोल, चकाकणारा. आता कामाला बसलं की तो पुन्हा खाली दिसे. उताणं पडलं की थेट समोर येई. मिस्त्रींना दरदरून घाम फुटे, पण कूस बदलवत नसे.

मग एक दिवस उजवा डोळा चोळताना समोर उभ्या लेकीला नाक-डोळेच उरले नाहीत. त्यांनी तसं म्हणताच तिने त्यांच्या हाताला धरून दवाखाना गाठला.

"पडदा मधोमध विरत चाललाय, जुन्या धोतरासारखा," डॉक्टर म्हणाल्या. "तेल ठेवलं तर उरलंसुरलंही जाईल."

"बाबा, आता तरी हो म्हणा!"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. "या तेलात तुझी आई दिसते मला, पायाशी बसलेली. तिला मी हाकललं, असं नको व्हायला," ते पुटपुटले.

लेक आधी गोंधळली, मग तिथेच रडू लागली. "अहो बाबा, आई काय तेलात बसलीय? ती देवाच्या पायाशी आहे."

त्यांनी सही केली.

पट्टी सुटली. कडेकडेचं उजळलं, मधलं गेलं ते गेलंच.

"खाली दिसतं का काही?" लेकीने विचारलं.

"नाही. स्वच्छ आहे."

"सुटलात बाई एकदाचे!"

मिस्त्रींनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. "सुटलो कसला? इतके दिवस ती कुठे बसलीय, ते तरी दिसायचं."