मेजरने नापास केलेले बूट

गोडाऊनमधला माल ट्रक आला की उचलला जातो. किस्से तिथेच पडून राहतात. माझ्याजवळचे बहुतेक आमच्या मेजरचे.

मेजर अमेरिकन, तिकडच्या लष्करातून रिटायर झालेला. कुवेतची लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. आखातातल्या हमरिया फ्री झोनमधली आमची कंपनी लष्कराला माल पुरवायची, तो तपासायला त्याला ठेवलं होतं. जन्मभर त्याने हेच केलं होतं. बूट, तंबू, कांबळी.

आमच्या लेबरमधल्या कणकवलीच्या परबने एकदा विचारलं, "सर, कितने आदमी मारे?"

"एकही नाही. पण माझ्यामुळे कोणी अनवाणी मेला नाही."

*

तंबू आला की तो उभा करायला लावायचा. वरून पाइपने पाणी सोडायचं आणि हा आत खुर्ची टाकून चहा प्यायचा. एकदा कपात थेंब पडला.

मॅनेजर म्हणाला, "सर, इथे पाऊस कुठे पडतो?"

"चहात पडला," मेजर म्हणाला. तंबू परत गेले.

*

बुटांची तऱ्हा वेगळी. एका पायात नव्या मालातला बूट, दुसऱ्यात स्वतःचा जुना. तसाच दिवसभर उन्हात फिरायचा.

परब म्हणायचा, "एक पाय नोकरीत, एक पेन्शनीत."

*

परबला शुगर होती. टाचेची जखम भरत नव्हती आणि बूट फाटलेले. डॉक्टरने बजावलं, चांगले बूट घाल, नाहीतर पाय जाईल. त्याने मॅनेजरकडे नवे मागितले.

"इन्शाल्ला," मॅनेजर म्हणाला. म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं.

*

मग बुटांचा एक लॉट आला. मेजर दुपारीच लंगडत परतला. तळव्यातून खिळा वर आला होता. रक्ताळलेला मोजा त्याने मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

"हे मी सैनिकाच्या पायात घालणार नाही. खलास."

शेठ फोनवर ओरडला. मेजर हलला नाही. त्या दिवशी आम्ही खोलीवर शिरा केला. परबने शुगर विसरून दोनदा घेतला.

*

पुढे मॅनेजरने त्याच पेट्या उघडल्या. बूट लेबरला वाटायचे ठरले. फक्त मेजरची सही हवी होती.

परब माझ्या कानात म्हणाला, "भाऊ, तो नाय करूचो."

मेजरने विचारलं, "सैन्याला जातायत?"

"नाही सर. आपल्याच लेबरला."

त्याने खिशातून पेन काढलं.

मी जुन्या बनियनची घडी करून परबच्या बुटात घातली. संध्याकाळी मेजर आमच्या रांगेपाशी थांबला. परबच्या खांद्यावर हात ठेवून त्याने मायेने विचारलं, "साइज बरोबर आहे ना?"

"फर्स्ट क्लास, सर," परब म्हणाला.