नंदूची शिक्षा

कोर्टातले किस्से मालखान्यातल्या जप्त मालासारखे असतात. जमा होत राहतात, त्यांची विल्हेवाट कोणी लावत नाही. मी अमली पदार्थांच्या खटल्यांच्या कोर्टात बाबू होतो, आता निवृत्त. गाव हिंदी मुलखातलं, त्यामुळे कोर्टाचं कामकाज हिंदीत चालायचं. संध्याकाळी दाना ओली या आमच्या गल्लीत आपटे वकिलांच्या ओट्यावर आम्ही तिघं बसतो: मी, आपटे आणि मालखान्याचा निवृत्त हवालदार जगताप.

जगतापचं मत एकच. "कायदा सख्तच पाहिजे. नशा विकणाऱ्याला सोडायचं नाही." हे तो तंबाखू मळत सांगतो. पण त्याचा सख्खा भाचा स्मॅकपायी गेला. जाण्याआधी आईची भांडीसुद्धा विकून गेला. त्यामुळे तंबाखूबद्दल आम्ही काही बोलत नाही.

*

आमच्याकडे एक पंच होता. धाड कुठेही पडो, हा नेमका तिथून चाललेला असायचा. आपट्यांनी विचारलं, "वहाँ क्या कर रहे थे?"

"पान खाने गया था."

पुढच्या खटल्यातही पानच. तिसऱ्यात आपटे म्हणाले, "हुजूर, इनका मुँह खुलवाकर देख लिया जाए."

तोंड उघडलं. दात पांढरेशुभ्र. साक्ष तरीही ग्राह्य धरली गेली.

*

एका बड्या घरचा मुलगा पुडीसह सापडला. पुडी लहान, म्हणून दंड भरून त्याच दिवशी घरी. वडिलांनी कोर्टात पेढे वाटले. जगतापने एक तोंडात टाकला आणि म्हणाला, "सख्त नाहीये."

आम्हाला वाटलं, पेढ्याबद्दल बोलतोय.

*

मग नंदू मोहिते. समोरच्या मोहिते काकूंचा एकुलता एक मुलगा, दाल बाजारात टेम्पो चालवायचा. एकदा धन्याच्या पोत्यांमध्ये, इकडच्या भाषेत बोऱ्यांमध्ये, एक बोरी गांजाची निघाली. नंदू म्हणाला, मला माहीत नव्हतं. जगताप म्हणाला, वास येत नव्हता का? बोरीचा मालक आजतागायत अज्ञात आहे.

गांजा वीस किलोच्या वर गेला की किमान दहा वर्षं. नंदूची बोरी जेमतेम वर गेली. आपटे म्हणाले, "हुजूर, बारदाना तो घटाइए." दाल बाजारातला सगळ्यात लबाड व्यापारीसुद्धा बोरीचं वजन वजा करतो. पण पंचनाम्यात 'बारदान सोडून' असं लिहिलेलं होतं, आणि पंच तोच, पान खायला गेलेला.

न्यायाधीश भले गृहस्थ. म्हणाले, "वकील साहब, दस से कम दे नहीं सकता. मेरे हाथ बँधे हैं."

आपटे म्हणाले, "हुजूर, बँधे तो उसके हैं."

*

काकूंना आत उभं राहवेना, म्हणून त्या बाहेर व्हरांड्यात होत्या. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त क्रियापदं बदललेली. नंदूचे कागद घेऊन शिपाई बाहेर आला, मागून मी. तसं त्यांनी त्याला विचारलं, "भैया, नंदू को शिक्षा कितनी हुई?"

त्याने कागदात बघितलं. "आठवीं तक, अम्मा."

काकूंना फक्त आठ ऐकू आलं. त्यांनी शिपायाला हात जोडले आणि मला म्हणाल्या, "बघा भाऊ, दोन वर्षं कमी केली."

तेवढ्यात आपटे आले. "काकू, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तो शाळेचं सांगतोय. सजा दहा वर्षं झाली."

काकू म्हणाल्या, "नंदू सुटेल तेव्हा मी असेन का हो?"

आपटे चष्मा पुसायला लागले.

त्या संध्याकाळी मी जगतापला विचारलं, "आता झालं का सख्त?" मळलेली तंबाखू त्याने तशीच झटकून टाकली. "भाचा माझा गेलाय," एवढंच म्हणाला.

*

परवा काकूंच्या वरच्या मजल्यावर भिंडकडची एक भाडेकरीण राहायला आली. दोघी दारात भाजी निवडत होत्या, आम्ही समोर ओट्यावर.

"अम्मा, बेटा क्या करता है?"

काकूंनी मान वर केली नाही. "शिक्षा चल रही है. बाहर."

"कितने साल की?"

"दस."

"फिर तो डॉक्टर बनके ही आएगा! छुट्टियों में आए तो मिलवाना."

काकूंचे हात थांबले. आपटे माझ्याकडे बघायला लागले, मी रस्त्याकडे.

जगताप ओट्यावरूनच म्हणाला, "छुट्टी नहीं देते, बहनजी. कॉलेज बहुत सख्त है."