पाय लागला तेव्हा

करंदीकर डॉक्टर न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचं ब्लडप्रेशर तपासायचे आणि घरी आले की मुलाच्या नावानं स्वतःचं वाढवून घ्यायचे. पुण्याहून इथे आले तेव्हा सुशांत प्राथमिक शाळेत होता. इंग्रजीत अडखळायचा, पण पळायला लागला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. डॉक्टरांनी त्याला फार्मासिस्ट करायचं ठरवून टाकलं होतं. आणि या पठ्ठ्यानं काय करावं? शाळा संपताच सरळ न्यूझीलंडच्या सैन्यात भरती झाला.

अप्पर हटच्या छावणीत तो गोदाम सांभाळायचा आणि उरलेला वेळ पळायचा. तेही साधं पळणं नव्हे, स्टीपलचेस. म्हणजे मैदानाला फेऱ्या मारायच्या, वाटेतल्या जाड लाकडी अडथळ्यांवरून उड्या मारायच्या आणि दर फेरीला एकदा अडथळ्यापलीकडच्या पाण्याच्या खड्ड्यात उतरायचं.

"धड रस्ता असताना त्यात ओंडके आडवे घालून पळायचं, हे कुठलं शहाणपण?" डॉक्टर विचारायचे.

"त्याला सवय आहे," सुलेखाताई म्हणायच्या. "घरातही एक ओंडका आडवा आहेच." हॉस्पिटलात नर्स होत्या त्या, नवऱ्याला कधी घाबरल्या नाहीत.

शहाण्णव साली बापलेकांत करार झाला. सेनादलांच्या स्पर्धेतले पहिले तिघे ऑस्ट्रेलियाला जाणार होते. सुशांत त्यात आला, तर डॉक्टर पुन्हा फार्मसीचं नाव काढणार नव्हते. नाही आला, तर पळणं बंद, आणि सैन्यातली मुदत संपली की कॉलेज. "स्वीट ॲज," सुशांत म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'चालतंय की'. डॉक्टरांच्या मनात उकळ्या फुटल्या. पोरगा हरणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी वेलिंग्टनचा वारा माणसाला उभं राहू देईना. डॉक्टर कुंपणाशी हाताची घडी घालून उभे होते, शेजारी सुलेखाताई. सुशांत पहिल्या फेरीपासून पुढच्या घोळक्यात होता. अडथळा आला की पोरगा वर तरंगायचा, पलीकडे उतरायचा आणि मध्ये काही घडलंच नाही असा पळत सुटायचा. हे आपलं पोर? डॉक्टरांच्या हाताची घडी कधी सुटली, त्यांनाही कळलं नाही.

शेवटच्या फेरीत तो दुसरा होता. त्याच्या पुढे छावणीतलाच त्याचा दोस्त, टामाटी नावाचा माओरी कॉर्पोरल. पाण्याच्या खड्ड्याशी टामाटीचा पाय निसटला आणि तो पालथा पाण्यात पडला. मागून उडी मारलेल्या सुशांतचा बूट त्याच्या पाठीवर पडला.

आणि सुशांत थांबला. वाकला, टामाटीच्या पाठीला हात लावला आणि तोच हात छातीशी नेऊन नमस्कार केला.

मैदानातल्या कुणालाच काही कळेना. पाच जण बाजूनं पाणी उडवत निघून गेले. डॉक्टरांना मात्र सगळं कळलं.

"अरे, नमस्कार राहू दे! पळ गाढवा, पळ!"

कुंपणाच्या कडेनं डॉक्टर स्वतःच पळत सुटले होते. टाय खांद्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वर अस्सल पुणेरी शिव्या. सुशांत जीव खाऊन सुटला. पळता पळता त्यानं दोघांना मागे टाकलं आणि तिसऱ्या नंबरावरच्या मुलाला गाठलं. दोघे खांद्याला खांदा लावून रेषेपर्यंत आले, आणि तिथे त्या दुसऱ्या मुलानं छाती पुढे झोकून दिली.

सुशांत चौथा आला. तो लंगडत कुंपणाशी आला.

"बाबा, ठरलं तसं. फार्मसी."

डॉक्टरांना धाप लागली होती. जिंकल्याचा आनंद कुठे सापडतो का, हे त्यांनी मनात चाचपून पाहिलं. सापडला नाही.

"लहानपणी कुणाला पाय लागला आणि नमस्कार केला नाहीस, तर कान कोण पिळायचं?"

"तुम्ही."

"मग तिसरा नंबर मी घालवला. शिक्षा तुला कशाला? पुढच्या वर्षी परत पळायचं."

सुशांत आईकडे बघत राहिला. सुलेखाताईंनी डोळे पुसले. मग त्यानं जरा चाचरत विचारलं, "आणि परत कुणाला पाय लागला तर?"

डॉक्टरांनी खरोखर विचार केला. चष्मा पुसला, परत लावला.

"नमस्कार करायचाच," ते म्हणाले. "पण पळता पळता."