चॅपलमागची दफनभूमी आणि विमलक्का

फोन आला तेव्हा मी बोम्मसंद्रातल्या कारखान्यात होतो. "अण्णा, विमलक्का गेल्या," चॅपलचे पास्टर सांगत होते. माझी थोरली बहीण त्यांच्याच आवारात झाडांना पाणी घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही…

बसवनगुडीत आमच्या घरामागे ते जुनं मेथडिस्ट चॅपल आहे. दगडी भिंती, कौलारू छप्पर, शेजारी लहानशी दफनभूमी. मिशनच्या लोकांनी ते बांधलं तेव्हा आसपास शेतं होती म्हणे. पुढे तिथंच मुलींची शाळा भरू लागली. रविवारी तीच बाकं वळवून प्रार्थना व्हायची. वडिलांनी अक्काला त्या शाळेत घातलं. मराठी घरातली ही बुजरी मुलगी; तिला कन्नड वाचायला शिकवलं रेचल टीचरनी. त्या वारल्यावर त्यांना त्याच आवारात पुरलं. मग शाळा बंद पडली, मंडळी पांगली.

काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं निघालं. दफनभूमीची पुढची पट्टी जाणार होती, आणि तिच्यातच टीचरची कबर. चॅपलमधली उरलीसुरली माणसं वयानं थकलेली. त्यांनी आशा सोडली होती. अक्का मात्र एकही सुनावणी चुकवीना. मी विचारलं, "आपण हिंदू. तुझं काय तिथं?" चपला घालत ती म्हणाली, "माझ्या बाई आहेत तिथं. तू येतोस का, ते सांग." मी गेलो.

पट्टी वाचली नाही. पण यंत्र आत आणायचं नाही, कबरी हातानं खणून मागच्या बाजूला न्यायच्या, हे तिनं कबूल करून घेतलं. काम संपेपर्यंत ती उन्हात उभी असायची. टीचरची शिळा उचलताना कामगार घाई करू लागले, तेव्हा "स्वल्प सावकाश," एवढंच म्हणाली आणि एक कोपरा स्वतः धरला. संध्याकाळी घरी येऊन तिनं आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला आणि पोटभर जेवली.

अक्काला आम्ही आपल्या रीतीनं अग्नी दिला. तेराव्यानंतर पास्टर घरी आले. कबरी हलवल्या होत्या ती मागची जागाही मोकळी करून तिथं सभागृह बांधावं, असं चॅपलच्या काही सभासदांच्या मनात होतं. रविवारी बैठक होती. "याल का?" त्यांनी विचारलं.

"मी तुमचा सभासद नाही."

"त्याही नव्हत्या."

रविवारी बैठकीसाठी पांगलेली मंडळीही आली होती, चॅपल बऱ्यापैकी भरलं होतं. भिंतीकडेच्या शेवटच्या बाकावर मात्र एक जागा रिकामी होती. तिथं अक्का बसायची, शेजारच्या बाईंनी सांगितलं. मी क्षणभर घुटमळलो… मग तिथंच बसलो. सभागृहाचा विषय निघाला, तेव्हा विरोधात बोलायला पहिला हात मी वर केला.