बर्फावरून खाली येणारी माणसं

बहात्तर सालची दिवाळी होऊन गेली होती. नगर स्टेशनच्या फलाटावर मी पत्र्याच्या ट्रंकेवर बसलो होतो आणि आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी उकिडवे बसले होते. सकाळी रस्त्याच्या कामावर खडी फोडून ते तसेच एसटीत चढले होते, त्यामुळे भुवयांवर पांढरी धूळ बसलेली होती. ट्रंकेत दोन सदरे, एक स्वेटर, पान्ह्यांचा संच आणि आईनं बांधून दिलेल्या, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी होत्या. आई गावातच थांबली होती. निघताना ती एवढंच म्हणाली होती, "कानाला बांधत जा. तिकडं थंडी कानातूनच शिरती म्हनं."

गाडी दिसू लागल्यावर आबा उठले आणि ट्रंक स्वतः उचलून डब्यात ठेवली. खिडकीशी येऊन म्हणाले, "इंजिन चालतंय तिथं मिस्त्री गेला पायजे. हितं कोरड्या हिरीच्या तोंडाशी बसून काय करशील?" मी मान हलवली. गाडी मनमाडच्या दिशेनं हलली तेव्हा ते फलाटावर नुसते उभे होते. हात हलवायची आमच्याकडं पद्धत नव्हती.

कमलच्या पोरांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की शेवगावकडचा माणूस हिमाचलात पोचलाच कसा. तुमच्या आईला, माझ्या धाकट्या बहिणीला, यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण सगळं नाही. शिवाय तुमच्यातले दोघं आता स्वतःच घर सोडून परदेशात राहतात. म्हणून सगळंच लिहून काढतो.

मी विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचा मिस्त्री होतो. आमच्या पंचक्रोशीत इंजिन बंद पडलं की मला बोलावणं यायचं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी विहिरींना तळ दिसायला लागले. पाणीच नाही तर इंजिन कोण चालवणार आणि बिघडणार तरी कसं? हात रिकामे झाले. तेव्हा हसनभाई नावाच्या तंबू टॉकीजवाल्यानं मला जनरेटर सांभाळायला ठेवून घेतलं. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात आमचा तंबू लागायचा.

हसनभाईंकडं एक जुनी रीळ होती. कुठल्याशा पिक्चरच्या पेट्यांबरोबर चुकून आलेली, परदेशातली, अर्ध्या तासाची. तिच्यात ना गाणं होतं ना गोष्ट. डोंगरावर बर्फ, पायांना लांब पट्ट्या बांधलेली माणसं, आणि ती माणसं त्या बर्फावरून घसरत, वळणं घेत खाली येतात, बस्स. मध्येच उतरत्या छपरांचं एक छोटं गाव दिसायचं, धुराडी, खिडकीत दिवा, दारात लाकडं रचून ठेवलेली. माणसं तंबूत येऊन बसेपर्यंत वेळ काढायला हसनभाई ती लावत.

पहिल्यांदा लावली तेव्हा कोणीतरी विचारलं, "मीठ हाय का ते?"

दुसरा म्हणाला, "मीठ कुठलं? कापूस असंल."

मी जनरेटरपाशी उभा होतो. तिथूनच सांगितलं, "बर्फ हाय. वितळला की पानी हुतंय."

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, "येवढं पानी? आन् ही मानसं त्याच्यावर नाचत्यात?"

कोणी हसलं नाही. पुढच्या बाजाराला लोक वेळेआधी येऊन बसले. तिसऱ्या बाजाराला तर एकानं उठून सांगितलं, "भाई, पिक्चर राहू द्या, त्यो बर्फच फिरून लावा." हसनभाईंनी खरंच लावला. त्या वर्षी ती रीळ किती वेळा पाहिली ते मला सांगता येणार नाही. गावोगाव तेच व्हायचं.

ही असली चित्रं मी आजही बघतो. आता टीव्हीवर, मोबाईलवर, रंगीत, आकाशातून घेतलेली. नातवंडं म्हणतात, आजोबा, सगळी सारखीच तर असतात. असतीलही. पण आम्हाला तेव्हा त्यात काय दिसलं ते ऐका. आमच्याकडं सगळं वर ओढावं लागायचं. पाणी विहिरीतून वर, माती खड्ड्यातून वर, दगड खाणीतून वर. जन्मभर ओढतच राहायचं. आणि पडद्यावर एक माणूस नुसता खाली येत होता. त्याला कोणी ढकलत नव्हतं, त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. त्या म्हातारीला ते नाचणं वाटलं यात नवल नाही.

एकदा खेळ संपल्यावर एक उंच, गोरा माणूस जनरेटरपाशी आला. नगरच्या लष्करी छावणीतला हवालदार. सगळे त्याला ठाकूर म्हणायचे. मित्राबरोबर सहज बाजार बघायला आला होता. म्हणाला, "ये तो मेरे घर के पीछे का नज़ारा है." मला वाटलं थट्टा करतोय. तो शेजारच्या खाटेवर बसला आणि सांगू लागला. बियास नदीच्या वरच्या अंगाला त्याचं गाव होतं. तिथं हिवाळ्यात बर्फावर घसरायला शिकवणारं एक शिबिर सुरू झालं होतं. शिकणाऱ्यांना उतारावर वर नेण्यासाठी एक लांब दोर होता, तो ओढायला डिझेल इंजिन होतं, आणि ते इंजिन समजणारा माणूस तिथं कोणी नव्हता. ठाकूर स्वतः पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन घरी चालला होता. माझ्या काळ्या हातांकडं बघून म्हणाला, "तू चलेगा?"

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई रडली. आमची बैलजोडी चाऱ्यासाठी गुरांच्या छावणीत ठेवलेली होती आणि आबा रोज चार मैल चालत तिला बघायला जायचे. त्या रात्री ते मला बरोबर घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "त्यो मानूस कसा हाय?" मी म्हटलं, चांगला वाटतो. "मग जा," ते म्हणाले. "बैल छावनीत ठिवले म्हनून काय इकले न्हाईत आपन."

ठाकूरच्या गावी पोचलो तेव्हा बर्फ पडलेला नव्हता. डोंगर, देवदार, आणि थंडी. ठाकूरच्या घरात खाली गुरं, वर माणसं. मला वरची एक खोली दिली. ठाकूरच्या आईला सगळं गाव अम्मा म्हणायचं. ती पहाडी बोलायची, मी मराठीमिश्रित हिंदी. तिला माझं एक अक्षर कळत नव्हतं आणि मला तिचं. तिनं माझ्या ताटात राजमा-भात वाढला, माझा स्वेटर चिमटीत धरून पाहिला, मान हलवली आणि एक जाडजूड लोकरी पट्टू माझ्या खांद्यावर टाकला. तो मी बारा वर्षं वापरला.

मग एका सकाळी खिडकी उघडली तर सगळं पांढरं. मी बाहेर जाऊन दोन्ही हातांनी बर्फ उचलला, तोंडात घातला, आणि एकटाच हसत राहिलो. हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी गावातले नळ गोठले. अंगणात हातभर बर्फ, आणि बायका पाव मैलावरच्या एका वाहत्या झऱ्यावर भांडी घेऊन रांगेत उभ्या. मीही कळशी घेऊन उभा राहिलो. पातेलंभर बर्फ चुलीवर ठेवला की तळाला चार बोटं पाणी उरतं, हेही तेव्हाच कळलं. मी हे सगळं कमलला लिहून पाठवलं. तिनं आबांना वाचून दाखवलं आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहून धाडलं: "म्हंजी तिथं बी पानी वाहूनच आनावं लागतं व्हय. मग बरं हाय. हाताची सवय मोडायची न्हाई तुझी."

शिबिराचा पहिला दिवस उजाडला आणि इंजिन सुरू होईना. मी विहिरीवर जे जे करत आलो ते सगळं करून पाहिलं. हँडल मारून हात सोलले. थंडीत डिझेल घट्ट होतं, तेल मधासारखं होतं, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. नगर जिल्ह्यात इंजिन तापायचं, गार पडल्याची तक्रार कधी कोणी केली नव्हती. वीस-पंचवीस मुलं-मुली पायांना पट्ट्या बांधून खाली उभी होती. शिबिराचे प्रमुख घड्याळाकडं बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्रीजी, नहीं होगा तो बता दीजिए." मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली होती.

तेवढ्यात अम्मा उतारावरून वर येताना दिसली. हातात लोखंडी घमेलं, त्यात तंदूरमधले लालभडक निखारे. कोणाशी न बोलता तिनं ते इंजिनाच्या पोटाखाली सरकवलं आणि मला हातानं खूण केली, बस. आम्ही दोघं पंधरा-वीस मिनिटं तिथं बसलो. तिनं पट्टूचं टोक धरून वारा अडवला. मग मी हँडल मारलं आणि इंजिन दोनदा खोकून सुरू झालं. दोर हलला. एकेक मूल दोराला धरून वर सरकू लागलं.

त्या क्षणी मला कळलं की तंबूतल्या त्या रिळेत एक गोष्ट कधीच दाखवली नव्हती. खाली येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी कोणीतरी वर ओढलेलं असतं. मी पुन्हा ओढणाऱ्यांतच होतो. पण वाईट वाटलं नाही. ती मुलं ओरडत, पडत, हसत खाली येत होती आणि वर जायला पुन्हा माझ्याकडंच येत होती.

मोसम संपता संपता ठाकूरनं मला पट्ट्या बांधायला लावल्या. मी नको नको म्हणत होतो. पहिल्या दहा वेळा पडलो. अकराव्यांदा शंभरेक पावलं खाली आलो, न पडता. वारा कानात, पायाखाली काहीच नसल्यासारखं. अंगावर कसलंही ओझं नाही, पुढची चिंता नाही. तळाशी पोचून मी बर्फातच बसलो. घोडेगावच्या तंबूतली सगळी माणसं डोळ्यांपुढं आली. ती त्या वेळी रस्त्यावर खडी फोडत असणार. ठाकूर जवळ आला, पण काही न विचारता नुसता शेजारी बसला. त्याबद्दल मी त्याचा अजून ऋणी आहे.

पुढच्या पावसाळ्यात आपल्याकडं पाऊस झाला. कमलचं पत्र आलं: विहिरीला पाणी आहे, बैल घरी आलेत, इंजिन मात्र गंजून बसलंय. शिबिराला तेव्हा सुटीच होती, मी गावी गेलो. दोन दिवसांत इंजिन खोलून, घासून, जोडून सुरू केलं. पाटात पाणी पडलं तेव्हा आबांनी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं. आई शेंगा भाजत होती. मी परत जाणार हे कोणत्या तोंडानं सांगायचं ते मला कळत नव्हतं. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी आबाच पाटाच्या कडेला बसून म्हणाले, "सांगायचं ते सांग. मला दिसतंय."

मी सांगितलं. तिथं मला काम आहे, आणि मला तिथली माणसं आवडतात, आणि मला तो डोंगर आवडतो. शेवटचं म्हणताना लाज वाटली. पोटासाठी गेलो म्हटलं की सगळे समजून घेतात. आवडतं म्हणून राहतो, हे सांगणं जड जातं.

आबांनी ओली माती उचलून पाटाची कड दाबली. "मला दाव एकदा," ते म्हणाले. "पोरगं कुठं हाय ते डोळ्यानं बगितलं म्हंजी मग काय न्हाई."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, पेरणीआधी, आबा आले. आई आली नाही. म्हशीचं कोण बघणार, म्हणाली. आबा आले ते धोतर, पटका आणि माझा जुना स्वेटर अशा वेशात. बर्फ दूर शिखरांवरच राहिला होता. आबांनी एकदा वर बघितलं, "लई उंच हाय," म्हणाले आणि खाली गोठ्यात गेले. घोडेगावच्या बाजारात दात बघून जनावराचं वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अम्माची पहाडी गाय त्यांच्या कमरेएवढी होती. त्यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला आणि बोटांनी सात असं दाखवलं. अम्मा खूश झाली. तिनंही सात बोटं दाखवली.

त्यानंतर ती दोघं रोज सकाळी अंगणात बसून बोलायची. आबा शेवगावची मराठी, अम्मा पहाडी. आधी मी मधे बसून सांगायचा प्रयत्न केला. आबांनी मला उठवलं. "तुझं काम कर जा. आमचं चाललंय बरं." तिसऱ्या दिवसापासून आबा तिच्या बटाट्याच्या पट्टीत खुरपं घेऊन बसले. पाहुण्यानं काम करावं हे ठाकूरला पटेना, पण अम्मानं त्याला गप्प केलं. पंधरा दिवसांत आबांनी आख्खी पट्टी खुरपून काढली. रात्री ते मेल्यासारखे झोपत. दुष्काळापासून त्यांना अशी झोप लागलेली मी पाहिली नव्हती.

आई गेली, आबा गेले, अम्माही गेली. माझी बायको इथली, मुलं दोन्ही भाषा बोलतात, आणि घरात राजम्याबरोबर बाजरीची भाकरी होते. लोक विचारतात, तुमचं घर कोणतं? तुम्हालाही परदेशात कोणीतरी विचारत असेल. मला याचं उत्तर आबा परत निघाले त्या सकाळी मिळालं.

आबांची एक सवय होती. कोणाच्याही घरून निघताना ते हात जोडून "रामराम" म्हणत. पाहुण्यांकडं, सोयऱ्यांकडं, अगदी सख्ख्या बहिणीच्या घरीसुद्धा. आपल्या स्वतःच्या घरातून बाहेर पडताना मात्र दुसराच शब्द. बस खालच्या वळणावर येऊन थांबली होती. मी पिशवी उचलली. अम्मा दारात उभी होती. आबांनी पटका नीट केला, गोठ्यात डोकावून गायीला एकदा हात लावला, मग अम्माकडं वळून म्हणाले, "येतो."