मिरची मान का टाकते?

आमच्या पीक-दवाखान्यात रोगट रोपांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. रोपं तपासून जाळता येतात, किस्से घरी न्यावे लागतात! त्यातले निम्मे आमच्या अंजली मॅडमचे. मिरचीवरचा मर रोग, म्हणजे उभं रोप मान टाकून सुकतं तो, हा त्यांचा खास विषय. मी त्यांचा सहायक, म्हणजे पिशव्या उचलणारा आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवणारा.

*

चिंचोटीहून एकाने सुकलेल्या पानाचा फोटो पाठवला. खाली मेसेज, ‘अर्जंट औषध सांगा.’

मॅडमनी कळवलं, "पेशंटला घेऊन या. मुळासकट."

तो खरंच मातीच्या ढेकळासकट रोप मांडीवर घेऊन रिक्षातून आला. माती धुतली तर मुळांवर गाठीच गाठी. सूत्रकृमी, मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत! फोटोत त्या गाठी जन्मात दिसल्या नसत्या.

*

बोळिंजच्या एक बाई गॅलरीतली कुंडीच घेऊन आल्या. एकुलतं एक झाड, तेही मान टाकलेलं.

"मॅडम, रोज मूठभर खत घालते, तरी असं!"

मॅडमनी कुंडी हातात घेऊन शेतकऱ्याच्या एकरभर मिरचीइतक्याच गंभीरपणे पाहिली. "याला थोडे दिवस उपाशी ठेवा."

*

मनवेलपाड्यात आमच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा सजलेला, आत्याबाई नाव सांगायला खोळंबलेल्या, आणि मॅडम चाळीच्या दारात डब्यातल्या मिरचीजवळ उकिडव्या. नखाने खोड सोलून म्हणाल्या, "आतून तपकिरी. बुरशी आहे." मग हात धुऊन पाळण्याची दोरी धरली.

*

सुमनकाकूंच्या वाडीत मिरची हिरवीच्या हिरवी कोलमडत होती. शेजारच्या फिलोमिनाचे टोमॅटो गेल्या हंगामात असेच गेले होते, आणि पाटाचं पाणी तिच्याकडूनच येतं.

"तिचाच रोग पान्यातून माझ्याकडं आला," काकू म्हणाल्या. दोघी जन्माच्या मैत्रिणी, पण बोलणं बंद. काकू पाट बुजवायला निघाल्या होत्या.

मॅडमनी एक खोड कापलं आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरलं. "जिवाणूंचा रोग असेल, तर दुधासारखी धार खाली उतरेल."

आम्ही बघत बसलो. पाणी नितळच राहिलं. आणखी रोपं कापली, तरी तेच. मग मॅडमनी बुंध्याशी बोट खुपसलं. नुसता चिखल!

"काकू, पाणी किती देता?"

"सकाळ-संध्याकाळ. ऊन केवढं हाय."

"त्यानेच मुळं कुजलीत. तिच्याकडून काही आलं नाही."

काकूंनी तो ग्लास खोडासकट उचलला आणि पदर सावरत बांध ओलांडून गेल्या.

फिलोमिना दारात आली. "हे काय?"

"पानी. बघ, साफ हाय."

तिने ग्लासाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आत ये."