निभाबाईंचा मोकळा गळा

दवाखान्यात किस्से साठतात ते औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे. टाकायच्या म्हणून बाजूला ठेवतो आणि कुणीच टाकत नाही. चांद्याच्या आमच्या दवाखान्यातल्या निम्म्या बाटल्या निभाबाईंच्याच!

निभाबाई पूर्व बंगालच्या. फाळणीनंतर भावाबरोबर इकडे आल्या, नर्सचं काम शिकल्या आणि आमच्या वॉर्डात रुजू झाल्या. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून नवरा आणि तान्ही मुलगी तिकडेच राहिली. पुढे सासू गेली, पण तोवर मधे पासपोर्ट-व्हिसा आला होता. "आता माझी माणसं आणायची," निभाबाई म्हणाल्या. किती सोपं!

*

कचेरीतल्या बाबूंनी पहिल्याच दिवशी भूगोल शिकवला.

"पाकिस्तान तर तिकडं पंजाबाकडं हाय, बाई. तुमी बंगालकडचं काऊन सांगून राह्यल्या?"

"दोन आहेत," निभाबाई म्हणाल्या.

"दोन? मले तर कोनी सांगतलं नाई!"

आपल्याला न विचारता एवढं मोठं काम उरकलं, म्हणून बाबू दुखावले. अर्ज कितीतरी दिवस टेबलावरच पडून होता.

*

मग नवरा जिवंत असल्याचा पुरावा हवा झाला. पत्रं दाखवली, तर पत्र काय कोणीही लिहील, म्हणे!

"त्याले इथी आना, सायबापुढं उभं करा. मंग त्याले इथी आनायची परवानगी भेटते."

आमची आया राधाबाई सोबत होती. तलावावर मासे धरणाऱ्या घरातली, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "बाबू, तुमीच तिकडं जाऊन पाहून या नं. आमी तुमाले परत बोलावत नाई!"

*

शेवटी साहेबांची भेट मिळाली. साहेब पुण्याकडचे, फार सभ्य. त्यांनी निभाबाईंच्या गळ्याकडे पाहून खेदानं मान हलवली.

"मंगळसूत्र नाही. बाई, आपण विधवा आहात. असं लपवू नये."

निभाबाईंनी हातातल्या शंखाच्या पांढऱ्या बांगड्या दाखवल्या, भांगातला शेंदूर दाखवला. त्यांच्याकडे सवाष्णीची खूण तीच. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि शेरा मारला: विधवा.

शेजारी मी उभी होते. माझं लग्नच झालेलं नाही, गळा तसाच मोकळा. मला मात्र कुणी विधवा केलं नाही!

बाहेर येऊन निभाबाई पायरीवर बसल्या आणि रडल्या. "जित्या माणसाला मारलं," म्हणाल्या. मला त्या साहेबाचा अजूनही राग येतो.

*

राधाबाईनं मार्कंड्याच्या जत्रेतून काळ्या मण्यांची पोत आणली. पण बांधणार कोण? बांधायचा मान नवऱ्याचा, आणि नवरा परवानगीवाचून अडलेला!

"मीच बांधतो," राधाबाई म्हणाली आणि बांधलीसुद्धा. "सरकारले काय मालूम!"

साहेब प्रसन्न झाले. "हे आधीच घातलं असतं तर एवढा त्रास झाला असता का?" असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

राधाबाईनं बजावलं, "नवरा येईपर्यंत काढू नका, बाई. सायबाचा काई भरोसा नाई."

*

गाडी आली त्या दिवशी वॉर्डातल्या आम्ही सगळ्या चांदा स्टेशनवर रांगेत उभ्या. डब्यातून आधी मुलगीच उतरली. तान्ही सोडलेली, आता चांगली उंच झालेली. निभाबाईंनी हात पसरले.

मुलगी एकेकीच्या गळ्याकडे बघत आली. निभाबाईंना ओलांडून पुढे गेली आणि "मा!" म्हणत माझ्या कमरेला घट्ट बिलगली.

मागून नवरा ट्रंक सावरत धावत आला. धापा टाकत, मोडक्या हिंदीत म्हणाला, "मैंने ही बोला था. गाडी में देखा, यहाँ सब औरत के गले में काला माला. बेटी को बोला, जिसके गले में नहीं, वही तेरी माँ."

मुलगी मला सोडेना.

निभाबाईंनी गळ्यातली पोत मुठीत धरली आणि एका हिसक्यात तोडली. मणी फलाटभर पसरले.

राधाबाईनं कपाळावर हात मारला. "अवो बाई, हे काय करून राह्यल्या! नवरा समोर उभा हाय नं!"